केसांवरून मनावरचा ताण कळतो का?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. बाजाराचा दुसरा दिवस असल्याने दवाखान्यात बरीच गर्दी होती. ओळखीचा एक तरुण आपल्या आईला घेऊन आला. तो पुण्याला एका कारखान्यात नोकरी करतो. खुर्चीवर बसण्याआधीच त्याने मोबाईलवरचा एक रिपोर्ट माझ्यापुढे धरला.

“डॉक्टर, आईच्या केसांची तपासणी करून घेतली. मी मागे आलो होतो तेव्हा केस कापून कुरियरने पाठवले होते. ताणाचे हार्मोन कमी आले आहे. म्हणजे हिला टेन्शन वगैरे काही नाही. तरी रोज फोनवर एकच, अंगात त्राण नाही, मळमळतं, उठवत नाही. आता तुम्हीच समजवा.”

मावशी खाली मान घालून बसल्या होत्या. वय छप्पन. मालक अर्धांगवायूने दोन वर्षे अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर वळवायला रात्री तीन-चार वेळा उठायचे, दिवसा घरचे आणि शेताचे बघायचे. हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, मी खोटं बोलत नाही हो.”

वाचकहो, मावशी खोटे बोलत नव्हत्या आणि तो रिपोर्टही खोटा नव्हता. चूक झाली होती ती रिपोर्टचा अर्थ लावण्यात. ही चूक मावशींच्या जिवावर बेतली असती. ती कशी, हे कळण्यासाठी आधी या तपासणीची थोडी माहिती करून घेऊ. मोबाईलवरच्या जाहिरातींमुळे अशा तपासण्या आता आपल्या गावापर्यंत आल्या आहेत, म्हणून हा विषय आज मुद्दाम घेतला आहे.

ताणाचे संप्रेरक म्हणजे काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. या ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. ते किती सोडायचे हे मेंदू ठरवतो. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी हुकूम सोडते आणि अधिवृक्क ग्रंथी तो पाळते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की मेंदू आपला हुकूम मागे घेतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

कॉर्टिसॉल हा काही आपला शत्रू नव्हे. ते रक्तातली साखर आणि रक्तदाब टिकवून धरते, सूज आवरते आणि संकटाला तोंड देण्याचे बळ देते. ते अजिबात नसेल तर माणूस जगू शकत नाही. पहाटे ते वाढू लागते, सकाळी सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली मॉन्ट्रियल येथे उंदरांवर प्रयोग केले. थंडी, जखम, विष अशा वेगवेगळ्या माऱ्यांना शरीर एकाच ठरावीक रीतीने तोंड देते आणि त्यात अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, असे त्याने दाखवले. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुळला तो त्याच्यामुळे.

केसात नोंद होते ती कशी?

कॉर्टिसॉल रक्तात किंवा लाळेत मोजता येते, पण ते त्या क्षणापुरते. सुई टोचण्याच्या भीतीनेसुद्धा ते वाढते. चोवीस तासांची लघवी साठवून तपासली तर एका दिवसाचा हिशेब मिळतो. महिनोन्महिने चाललेल्या ताणाचा हिशेब मात्र यातून मिळत नाही. शास्त्रज्ञ केसांकडे वळले ते त्यासाठी.

केसाचे मूळ कातडीखाली असते आणि त्याला रक्ताचा पुरवठा असतो. केस तयार होत असताना रक्तातले थोडे कॉर्टिसॉल त्यात अडकून राहते. थोडे घामातून आणि तेलग्रंथींच्या स्रावातूनही येते. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कातडीलगतचे तीन सेंटिमीटर केस घेतले तर मागच्या तीन महिन्यांची सरासरी हाती येते. मधुमेहाच्या रुग्णांना ‘तीन महिन्यांची शुगर’ ठाऊक असते, तसाच हा प्रकार समजा.

तपासणीसाठी डोक्याच्या मागच्या बाजूचे, शेंडीच्या जागेजवळचे केस कातडीलगत कापतात, कारण तेथे केसांची वाढ सर्वांत एकसारखी असते. केस धुऊन, बारीक करून, त्यातले कॉर्टिसॉल मिथेनॉलमध्ये उतरवून घेतात व मोजतात. हे प्रमाण एक मिलिग्रॅम केसात किती पिकोग्रॅम असे सांगतात. एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोग्रॅम म्हणतात. यावरून काम किती नाजूक आहे याची कल्पना यावी.

आपल्याकडे बाळाचे जावळ काढतात. त्या जावळातले केस बाळ आईच्या पोटात असतानाच उगवू लागलेले असतात. आजारी नवजात बालकांच्या केसांवर २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जी बाळे जास्त दिवस कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर होती, त्यांच्या केसात कॉर्टिसॉल जास्त सापडले. पेरू देशात उत्खननात मिळालेल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या केसांतही ते मोजता आले. केस ही खरोखर एक जुनी वही आहे. मात्र या वहीत लिहिणारे हात अनेक आहेत.

हा आकडा कशाकशाने वाढतो?

पहिले कारण अर्थात चालू असलेला दीर्घ ताण. जर्मनीत दीर्घकाळ बेकार असलेल्यांच्या केसात नोकरदारांपेक्षा कॉर्टिसॉल जास्त आढळले. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्यांच्या केसातही ते जास्त होते. कॅनडात जुनाट दुखण्याच्या रुग्णांत तसेच दिसले. इस्रायलमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या पुरुषांची इतर कारणांनी दाखल झालेल्यांशी तुलना केली. झटका आलेल्यांच्या केसात आधीच्या तीन महिन्यांचे कॉर्टिसॉल जास्त होते.

परंतु मनस्ताप नसतानाही हा आकडा वाढतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो सर्वच स्त्रियांत वाढतो. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००९ साली बाळंतिणींच्या केसात तो तसा दाखवला. लांब पल्ल्याचे धावपटू, म्हणजे चांगले धडधाकट लोक, त्यांच्यातही तो जास्त असतो. पाळीपाळीने रात्रपाळी करणाऱ्या तरुण कामगारांत जास्त असतो. वजन जास्त असेल, पोटाचा घेर मोठा असेल, तर जास्त. पुरुषांत स्त्रियांपेक्षा थोडा जास्त. दारूचे व्यसन असलेला माणूस नुकताच दारू सोडत असेल तर त्याच्या केसात तो कित्येक पटींनी वाढलेला आढळला आहे. अधिवृक्क किंवा पियुषिका ग्रंथीला गाठ होऊन कुशिंगचा आजार झाला असेल तरीही तो फार वाढतो. या आजाराच्या शोधात केसांचा खरा उपयोग होतो. कारण काही रुग्णांत संप्रेरक कधी वाढते, कधी उतरते, आणि एका दिवसाच्या रक्तात ते निसटून जाते.

आणि कमी कशाने होतो?

केस जसजसा मुळापासून लांब जातो तसतसे धुण्याने त्यातले कॉर्टिसॉल कमी होत जाते. त्यामुळे टोकाकडच्या केसाचा आकडा मुळाकडच्या केसाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. केस काळे करण्याच्या किंवा रंग उडवण्याच्या रसायनांनी ते कमी होते. कडक उन्हानेही कमी होते. केस मुळात काळे की पांढरे याने मात्र फरक पडत असल्याचे दिसलेले नाही.

याहून विलक्षण गोष्ट अशी. फार पूर्वी मोठा आघात सोसलेल्या आणि त्यातून मनाचा आजार जडलेल्या काही लोकांच्या केसात कॉर्टिसॉल इतरांपेक्षा कमी आढळते. म्हणजे दुःख मोठे, आकडा लहान. २०१७ साली साठाहून अधिक अभ्यास एकत्र करून दहा हजारांवर लोकांची माहिती तपासली गेली. त्यात ताण सध्या चालू असलेल्या लोकांत आकडा वाढलेला दिसला. परंतु “तुम्हाला किती ताण वाटतो?” या प्रश्नाचे माणसाने स्वतः दिलेले उत्तर आणि केसातला आकडा यांचा पक्का मेळ बसला नाही. आकडा लहान आला म्हणून कोणाच्या दुःखाला खोटे म्हणू नये, ते यासाठी.

शिवाय एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळत नाही आणि सर्वांनी मान्य केलेली ‘नॉर्मल’ची पट्टी अजून ठरलेली नाही. समूहांची तुलना करायला ही तपासणी चांगली आहे. एकट्या माणसाला समोर बसवून “तुला ताण आहे” किंवा “नाही” असा निकाल तिच्यावरून देता येत नाही.

आता राहिले शेवटचे आणि आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचे कारण, ते म्हणजे औषधे.

स्टिरॉइडची करामत

कॉर्टिसॉलच्या घराण्यातली औषधे म्हणजे स्टिरॉइड. त्यांचा इतिहास मोठा रंजक आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांध्यांच्या आजाराने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दम्याचा जीवघेणा झटका, काही मूत्रपिंडविकार, संधिवाताचे काही प्रकार यांत ही औषधे आजही जीव वाचवतात. पण ती दुधारी तलवार आहे, हे हेंच यांच्या रुग्णांतही लवकरच दिसून आले.

बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मेंदूला वाटते, कॉर्टिसॉल भरपूर आहे. तो हुकूम देणे बंद करतो. अधिवृक्क ग्रंथी रिकाम्या बसतात आणि हळूहळू सुकतात. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल तयार होत नाही, मग केसात ते येणार कोठून? दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप ओढणाऱ्या मुलांच्या केसातसुद्धा कॉर्टिसॉल कमी आढळले आहे. (म्हणून कोणी पंप बंद करू नये. पंपातली मात्रा फार लहान असते आणि दम्याचा धोका त्याहून मोठा आहे.) उलट हायड्रोकॉर्टिसोन हे मलम म्हणजे साक्षात कॉर्टिसॉलच. ते डोक्याला लावले असेल तर केसातला आकडा वाढून येईल.

मावशींना काय झाले होते?

आता पुन्हा त्या सकाळकडे येऊ. मी रिपोर्ट वाचला आणि मनात आले, दोन वर्षे रात्रीची झोप नसलेल्या बाईचा आकडा एक वेळ वाढायला हवा. तो इतका कमी कसा? मावशी केसांना काळा डाय लावतात, त्याने थोडा कमी आला असेल. पण मला त्यांचा चेहरा वेगळे सांगत होता. वर्षभरापूर्वी पाहिलेला चेहरा लांबट होता. आता तो गोल आणि लालसर झाला होता. पोट सुटलेले, पण हातपाय काडीसारखे. दंडावर काळेनिळे डाग. विचारले तर म्हणाल्या, “जरा कुठं लागलं की असं होतं.” रक्तदाब घेतला तर वरचा जेमतेम ८६. उठून उभ्या राहिल्या तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली.

मी विचारले, “मावशी, कशाची औषधं चालू आहेत?”

“कशाचीच नाही.”

“गुडघ्यांचं काय?”

“गुडघे आता बरे होते. त्या पुड्यांनी.”

पुड्या! आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून त्या आठ महिने पुड्या घेत होत्या. तो सांगायचा, निव्वळ झाडपाला आहे. पहिल्या आठ दिवसांतच गुडघे हलके झाले, भूक वाढली, कामाला हुरूप आला. घरात करणारे दुसरे कोणी नाही, तेव्हा गुडघ्यांनी साथ दिली ही मोठीच गोष्ट होती. मावशींच्या लेखी ते औषध नव्हतेच, म्हणून मुलालाही कधी सांगितले नव्हते. पण गेले दोन बाजार तो माणूस आलाच नाही. पाच दिवसांपूर्वी पुड्या संपल्या. तिसऱ्या दिवसापासून मळमळ, उलटी आणि अंगातले त्राण गेले.

अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ असते हा आम्हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव आहे. गोल चेहरा, डाग आणि पुड्या थांबताच आलेला गळाठा, सारे त्याच दिशेला बोट दाखवत होते. तपासणीसाठी रक्त काढून ठेवले, लगेच हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि मुलासोबत गाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनकडे पाठवले. रक्ताचा रिपोर्ट आला. सकाळच्या वेळी दर डेसिलिटरला साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम असणारे कॉर्टिसॉल मावशींच्या रक्तात २ च्याही खाली होते.

म्हणजे केसांनी खरेच सांगितले होते. कॉर्टिसॉल कमी होते. पण त्याचा अर्थ “मनावर ताण नाही” असा नव्हता. अर्थ असा होता, की ताण सोसायला लागणारे संप्रेरक या बाईच्या शरीरात उरलेलेच नाही. आणखी दोन दिवस “ती उगाच म्हणते” म्हणून गेले असते, तर काय झाले असते ते मला लिहवत नाही.

मावशी आठ दिवसांनी घरी आल्या. त्यांना मोजून-मापून गोळी सुरू आहे आणि फिजिशियन ती हळूहळू कमी करत आहेत. सुकलेल्या ग्रंथी जाग्या व्हायला कित्येक महिने लागतात. तोवर ताप आला किंवा ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगायचे, अशी चिठ्ठी त्यांच्या पिशवीत कायम असते.

वाचकांनी काय करावे?

१. ताण आहे की नाही हे पाहायला केसांची तपासणी करून घेऊ नका. झोप लागते का, भूक आहे का, चिडचिड होते का, छातीत धडधडते का, कशातच मन लागत नाही का, हे माणसाला बसवून विचारा. यासाठी पैसे पडत नाहीत.

२. तपासणी केलीच असेल, तर रिपोर्टसोबत केसांचा डाय, मलमे, पंप, गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, रात्रपाळी, दारू हे सारे डॉक्टरांना सांगा.

३. नाव नसलेली पुडी, गोळी किंवा काढा घेऊ नका. जुने दुखणे आठवड्यात जादूसारखे पळाले तर आनंदाच्या भरात राहू नका, संशय घ्या.

४. अशा पुड्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील, तर हा लेख वाचून त्या आज एकदम बंद करू नका. त्यातच मोठा धोका आहे. उरलेल्या पुड्या घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

५. अशा रुग्णाला उलट्या, चक्कर, कमालीचा अशक्तपणा असे काही झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि शेवटची गोष्ट घरातल्या इतर माणसांसाठी. अंथरुणावरच्या रुग्णाची चौकशी सगळे करतात. त्याचे करणाऱ्या बाईची कोणी करत नाही. त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, “तू तिचे केस तपासलेस, आता तिच्या रात्री तपास.” त्याने पंधरा दिवसांची रजा वाढवून घेतली. वडिलांना रात्री तोच वळवत होता. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, “डॉक्टर, दोन वर्षं आई हे एकटी कशी करत होती?” आता त्याने रात्रीसाठी गावातला एक माणूस पगारावर ठेवला आहे आणि महिन्यातून दोनदा तो स्वतः येतो.

मागच्या आठवड्यात मावशी रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. चेहरा पुन्हा थोडा लांबट दिसू लागला आहे. गुडघे मात्र दुखतात. “ते दुखणारच,” मी म्हटले, “पण त्यावरही उपाय आहेत.”

ते उपाय कोणते, हे पुढच्या आठवड्यात पाहू.